खोल्या मागाहून मांडा, आधी जिना ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडच्या बाहेर एनए झालेला ४० बाय ६० चा प्लॉट, म्हणजे सव्वादोन गुंठ्यांना जरा कमी. रस्ता पश्चिमेला, शेजारचे दोन्ही प्लॉट अजून मोकळे. घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील, तुम्ही दोघं आणि शाळेत जाणारी दोन मुलं. भाऊ पुण्यात, सणावाराला येतो. इंजिनिअरने समोर दहा फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडून ३० बाय ४५ चा चौकोन आखून दिला, आणि त्यात तुम्ही मोबाइलवरच्या ॲपमध्ये स्वतःच प्लॅन बसवलात. खाली-वर मिळून चार बेडरूम, प्रत्येकीला अटॅच संडास-बाथरूम, हॉल डबल हाइट, म्हणजे दोन मजल्यांएवढा उंच. कंत्राटदाराने दर सांगितलाय फुटाला १,९०० रुपये. आणि विचारताय, यात काही राहिलंय का?

खोल्या तुम्ही बऱ्या मांडल्यात. प्लॅन अडलाय तो जिन्यात. ॲपने हॉलच्या कोपऱ्यात ६ बाय १० चा एक ठोकळा चिकटवून दिला आणि बाकीचं घर त्याच्या कडेने भरत गेलं. माझ्याकडे लोक स्वतः काढलेले प्लॅन घेऊन येतात त्यातल्या बहुतेकांत हेच असतं. खोल्यांवर आठवडेच्या आठवडे चर्चा झालेली असते आणि जिना उरलेल्या जागेत गेलेला असतो. खरं तर दुमजली घरात सगळ्यात हट्टी वस्तू जिना. खोली फूटभर लहान-मोठी करता येते, दार सरकवता येतं. जिना खाली जिथे असेल तिथेच वर निघतो आणि त्याचं माप तुमच्या सोयीने बदलत नाही.

माप बघा. मजल्याची उंची तुम्ही साडेदहा फूट धरली आहे, म्हणजे १२६ इंच. पायरीची उंची सात इंच ठेवली तर अठरा चढ होतात, नऊ-नऊचे दोन टप्पे. प्रत्येक टप्प्यात पाऊल ठेवायला आठ पायऱ्या, दहा इंची धरल्या तर ८० इंच, म्हणजे सहा फूट आठ इंच. मधलं लँडिंग, म्हणजे वळायची सपाट जागा, साडेतीन फूट, वर पोचल्यावर उभं राहायला आणखी साडेतीन. झाले पावणेचौदा फूट. रुंदीला सव्वातीन फुटांचे दोन टप्पे आणि मध्ये सहा इंचांची फट, म्हणजे सात फूट. तेव्हा भिंती सोडून आतलं माप ७ बाय १४ लागतंच. तुमच्या ६ बाय १० मध्ये पायऱ्या कशाबशा बसतील, पण वर पोचल्यावर उभं राहायला जागा नाही, आणि टप्पा पावणेतीन फुटांचा. त्यातून कठडा वजा केला की गोदरेजचं कपाट वळत नाही. उद्या कुणाला खुर्चीत बसवून खाली आणायची वेळ आली तर तेही जमणार नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पाऊल ठेवायची जागा कमीत कमी २५० मिलिमीटर दिली आहे. ही किमान मर्यादा झाली. गुडघे दुखणारी माणसं घरात असतील तर सव्वासहा-साडेसहा इंची चढ आणि अकरा इंची पायरी ठेवा, लांबी दीड फुटाने वाढेल. वाढू द्या.

जिन्याच्या लँडिंगखाली तुम्ही पाहुण्यांसाठी संडास दाखवला आहे. नऊ चढ गुणिले सात म्हणजे ६३ इंच, त्यातून स्लॅबची जाडी सहा इंच वजा करा. खाली उरतात पावणेपाच फूट. आत वाकून जावं लागेल आणि उठताना डोकं आपटेल. तिथे संडास हवाच असेल तर पहिला टप्पा बारा चढांचा आणि दुसरा सहाचा करावा लागतो, म्हणजे लँडिंग सात फुटांवर जातं. पण मग पहिला टप्पाच नऊ फुटांच्या पुढे जातो. मी म्हणेन, ती जागा इन्व्हर्टर, चपला, सायकली आणि दिवाळीच्या आकाशकंदिलाला द्या.

आता जिना कुठे, हा मुख्य मुद्दा.

आपल्याकडे गावोगाव दोनच पद्धती दिसतात. एक बाहेरून लोखंडी किंवा आरसीसी जिना. स्वस्त पडतो, वरचा मजला भाड्याने देता येतो, भावाभावांत वाटणी झाली तर सोपं. पण आज तुमची मुलं वर झोपणार आणि आजी खाली. रात्री कुणाला ताप आला की पावसात भिजत खाली यायचं, वरचं दार, खालचं दार, दोन कुलपं. दुसरी पद्धत तुम्ही काढलीत ती, हॉलमधून चढणारा जिना. घर एक वाटतं, छान दिसतं. पण हॉलमध्ये माणसं बसलेली असताना मुलगी आंघोळ करून वर जाणार ती त्यांच्या समोरून. आणि हा जिना एकदा हॉलमध्ये घेतला की वरचा मजला कायमचा खालच्याला बांधला गेला. मुलं शिकायला बाहेर पडल्यावर तुम्ही दोघं खाली राहाल आणि वरच्या तीन खोल्या धूळ खातील. तो मजला ना भाड्याने देता येईल, ना भावाला स्वतंत्र राहता येईल. भाऊ म्हणतोय मला काही नको, ते तो आज मनापासून म्हणत असेलही. घर मात्र पन्नास वर्षं उभं राहतं, आणि प्लॉट वडिलांच्या नावावर आहे असं तुम्हीच लिहिलंय.

म्हणून जिना दर्शनी बाजूला, मुख्य दाराच्या आत, पण हॉलच्या बाहेर घ्या. मुख्य दार उघडलं की सहा फूट रुंदीची लॉबी. उजव्या हाताला जिना, डाव्या हाताला हॉल, समोर जेवणाची जागा. हॉल आणि जेवणाची जागा यांच्या तोंडाशी दोन्हीकडे चौकट बसवून ठेवा, आज तिला दाराची फळी नको. घर एकच राहील. उद्या वेगळं करायचं झालं तर दोन फळ्या बसवल्या की लॉबी सामाईक आणि वरचं बिऱ्हाड स्वतंत्र. त्यासाठी आताच दोन गोष्टी करून ठेवायच्या. खालच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर येणाऱ्या खोलीत पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन काढून तोंड बंद करून ठेवायचं. आणि मीटरपासून वर जाणारी वायरिंगची नळी वेगळी टाकायची. बांधकाम चालू असताना याचा खर्च किरकोळ असतो, नंतर फरशी फोडून करायला गेलं की नकोसा होतो. ती वरची खोली आज मुलांच्या अभ्यासाची, पुढे गरज पडली तर स्वयंपाकघर.

दर्शनी बाजू तुमच्याकडे पश्चिम आहे, आणि इथे जिना दुसरंही काम करतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तीननंतर ऊन पश्चिमेच्या भिंतीवर अधिकाधिक आडवं पडत जातं. नऊ इंची विटांची भिंत ती उष्णता पिऊन घेते आणि रात्री आत सोडते. नेमकं दहा-अकराला, माणसं झोपायला येतात तेव्हा. तुम्ही नैऋत्येला मास्टर बेडरूम घेतली आहे. तिला पश्चिम आणि दक्षिण अशा दोन तापणाऱ्या भिंती आहेत. तिथे एसी लावावाच लागेल आणि तो रात्रभर त्या भिंतींशी झुंजत राहील. त्याऐवजी नैऋत्य कोपऱ्यात जिना टाका. जिन्यात कुणी झोपत नाही, तापला तर तापू दे. शिवाय गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत वरच्या बाजूला चारी अंगांनी लुव्हर्स, म्हणजे तिरप्या पट्ट्यांचे झरोके, ठेवलेत, तर घरातली गरम हवा तिथून निघून जाते. लॉबीची दारं उघडी असली की संध्याकाळी हे जाणवतं.

छज्ज्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, सगळ्या खिडक्यांना दोन फुटांचा छज्जा घातला की ऊन अडलं. कराडच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी दुपारी बाराला सूर्य दक्षिणेकडे साधारण ४९ अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जा तेव्हा खिडकीच्या वरच्या सव्वादोन फुटांवरच सावली टाकतो, खालून थंडीतलं ऊन आत येतं. २१ मार्चच्या सुमारास सूर्य ७२-७३ अंशांवर चढलेला असतो आणि तोच छज्जा सहा फुटांच्या वर सावली देतो, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली. दक्षिणेला छज्जा असा दोन्ही ऋतूंत कामाचा. पश्चिमेला मात्र सूर्य डोळ्यांच्या रेषेत उतरतो, तिथे छज्जा पावसापुरता. पश्चिमेच्या खिडकीला उभा आडोसा लागतो, मग ती जाळी असो, खोल कोनाडा असो किंवा समोरची पार्किंगची छपरी. आणि पश्चिम पूर्ण बंदही करू नका, कारण उन्हाळ्यातला संध्याकाळचा वारा तिकडूनच येतो.

दक्षिणेचं हे गणित तुमच्या वरच्या मजल्यावरच कामाला येईल. आज शेजारचा प्लॉट मोकळा आहे म्हणून ॲपमध्ये दक्षिणेच्या खिडक्यांतून छान उजेड दिसतो. उद्या तिथे दुमजली घर उभं राहिलं, पाच फूट त्यांचे आणि पाच तुमचे, तर दहा फुटांवर वीस-बावीस फूट उंच भिंत येते. खालच्या मजल्यावर हिवाळ्याचं ऊन संपलं. शेजारी घर बांधलेलंच आहे असं समजून प्लॅन करा. दोन्ही कडांना भिंत आहे अशी कल्पना केली की तुमच्या हातात दोनच उघड्या बाजू राहतात, पश्चिमेचा रस्ता आणि पूर्वेचं परसदार. पश्चिम तापते. मग उरली पूर्व, आणि ती तुम्ही पाच फुटांवर आणून ठेवलीत! इंजिनिअरने ४५ फूट लांबी बांधता येते असं दाखवलं, याचा अर्थ ४५ फूट बांधलीच पाहिजे असा होत नाही. बांधकाम ३८ फुटांवर थांबवा. मागे बारा फूट मोकळे मिळतात. सकाळचं ऊन, कपडे वाळत घालायला तारा, भांडी घासायची मोरी, तुळस, कढीपत्ता, एखादं शेवग्याचं झाड. आई-वडिलांचा अर्धा दिवस तिथे जाईल.

एकूण मांडणी मग अशी होते. समोर नैऋत्येला जिना, त्याला लागून लॉबी. वायव्येला घराची भिंत सहा फूट आत घ्या. समोरचे दहा आणि हे सहा मिळून सोळा फूट झाले, चार मीटरची गाडी आरामात उभी राहते. त्या छपरीच्या मागे हॉल, साधारण १६ बाय १४, त्याला उत्तरेची खिडकी आणि छपरीत उघडणारी पश्चिमेची. हॉलच्या मागे उत्तर बाजूला आई-वडिलांचा संडास-बाथरूम आणि त्यामागे ईशान्येला त्यांची खोली, ११ बाय १३. जिन्याच्या मागे दक्षिण बाजूला सामाईक संडास आणि कोठीची खोली, त्यामागे आग्नेयेला स्वयंपाकघर. मध्ये जेवणाची जागा, थेट पूर्वेच्या दारापर्यंत. वर हॉलवर एक मोठी बेडरूम, आई-वडिलांच्या खोलीवर दुसरी, स्वयंपाकघरावर ती अभ्यासाची खोली, आणि लॉबीच्या वर छोटी गच्ची. वरचे दोन संडास खालच्या दोघांच्या डोक्यावर. अख्ख्या घरात दोनच डक्ट, म्हणजे पाइप खाली आणायच्या पोकळ्या. तुमच्या प्लॅनमध्ये पाच संडास पाच ठिकाणी विखुरलेत, त्यातला एक खालच्या देवघरावर. तो देवघरावर आहे हे आईंच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही.

प्रत्येक खोलीला अटॅच हा हट्ट सोडा. प्रत्येक सन्क स्लॅब, म्हणजे संडास-बाथरूमसाठी खाली दाबून घेतलेला स्लॅब, ही गळतीची शक्यता आहे, आणि गळती कधी घर नवं असताना कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या छताला ओल दिसते. सहा माणसांना चार संडास भरपूर झाले. मात्र जेवणाच्या जागेत वॉशबेसिन बाहेर हवंच. आपल्याकडे पंधरा माणसं जेवायला असली की हात धुवायला रांग लागते.

आई-वडिलांच्या बाथरूमवर मी जास्त वेळ घालवीन. ५ बाय ८ पेक्षा लहान नको. दार अडीच फुटांचं सगळीकडे लावतात, इथे तीन फुटांचं लावा आणि बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अंगाने अडतं आणि फोडावं लागतं. कडीसुद्धा बाहेरून उघडता येईल अशी. उंबरा नको, उतार देऊन पाणी अडवा. कमोडच्या बाजूच्या भिंतीत धरायला दांडी लावता येईल अशी वीट भरीव ठेवा, पोकळ ब्लॉक तिथे नको. लाइटचं बटण पलंगावरून हाताला यावं. आणि फरशी मॅट, चकचकीत नको. विकणारा म्हणेल मॅटवर मळ बसतो. बसू दे.

जोत्याची उंची आणि म्हातारी माणसं यांचं जमत नाही, ते जमवावं लागतं. रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो, म्हणून जोतं रस्त्यापासून अडीच फूट तरी वर हवं. पण अडीच फुटांना रॅम्प १:१२ ने काढला तर तीस फूट लांब होतो. उपाय असा की चढ दोन तुकड्यांत वाटायचा. गेटपासून छपरीपर्यंतच्या दहा फुटांत जमीन फूटभर उचलायची, गाडीला तेवढा चढ काहीच नाही. राहिला दीड फूट, त्याला सहा इंची तीन पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा. पुढे चाकाच्या खुर्चीची वेळ आली तर दीड फुटाला अठरा फुटांचा रॅम्प लागेल, तो छपरीच्या कडेने मागे वळवता येईल एवढी जागा धरून ठेवा. कराड म्हणजे कृष्णा-कोयनेचा संगम. २०१९ च्या ऑगस्टचा पूर तुम्ही पाहिलाच असेल. प्लॉट निळ्या आणि लाल पूररेषेच्या बाहेर आहे ना, हे नकाशावर बघून घ्या, विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. आणि जमीन काळी असेल तर पाया किती खोल जायचा ते चाचणी खड्डा घेतल्याशिवाय ठरवू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि फरशीला लाटा येतात.

स्वयंपाकघरात ओटा पूर्वेच्या भिंतीला येतो, त्यामुळे तोंड पूर्वेला आणि सकाळचा उजेड थेट ओट्यावर. फक्त गॅस खिडकीखाली नको, वाऱ्याने ज्योत फडफडते. खिडकीखाली सिंक, गॅस बाजूला आणि त्याच्या वर धूर ओढणारा पंखा. ओट्याची उंची मिस्त्री स्वतःच्या सवयीने घालतो. ज्या बाई रोज उभ्या राहणार त्यांना उभं करून, कोपर वाकवून माप घ्या. भाकरी थापायला ओटा जरा खाली बरा, भाजी चिरायला जरा वर. घरात रोज भाकरी होत असेल तर एक तीन फुटांचा तुकडा दोन इंच खाली ठेवा. असं कुणी करत नाही, पण एकदा केलं की बायका शेजारच्यांना बोलावून दाखवतात. फ्रीजला अडीच फूट, ओट्यासमोर उभं राहायला चार फूट.

कोठीची खोली तुमच्या प्लॅनमध्ये नाहीच. तुम्ही वर्षाची ज्वारी आणि गहू भरता असं लिहिलंय. ते ठेवणार कुठे? ५ बाय ६ ची, खिडकी लहान, फळ्या छतापर्यंत. हीच खोली उन्हाळ्यात लोणच्याच्या बरण्या, दिवाळीत डबे, आणि एरवी घरातला सगळा पसारा गिळते. खोलीखोलीत माळे काढण्यापेक्षा ही एक जागा जास्त उपयोगाची. माळ्यावर गेलेली वस्तू परत खाली येत नाही.

डबल हाइट हॉलबद्दल सरळ बोलतो: नको. तुमच्या हॉलच्या वरची २५० चौरस फूट जागा त्यात जाते, म्हणजे वरची सगळ्यात मोठी बेडरूम. छताला जाळी लागली की शिडी मागवायची, पंखा दहा फुटांच्या दांड्याला लोंबकळणार, आणि खाली सिरियल लागली की वर मुलांचा अभ्यास झाला. फोटोत ते छान दिसतं हे मान्य.

पाहुण्यांची खोलीही मला जास्तीची वाटते. भाऊ गणपतीला आणि दिवाळीला येणार, तो अभ्यासाच्या खोलीत झोपेल. गणपती मात्र कुठे बसणार ते आताच ठरवा. हॉलमध्ये पूर्व किंवा पश्चिम भिंतीला पाच फूट सलग जागा, जवळ प्लग पॉइंट, आणि आरतीला पंधरा माणसं उभी राहतील एवढं समोर मोकळं. टीव्हीची भिंत आणि गणपतीची भिंत एक करू नका. दरवर्षी टीव्ही उतरवताना भांडणं होतात.

खोल्यांची मापं लिहिताना तुम्ही भिंती विसरलात, हेही सगळ्यांचं होतं. ३० फुटांत १०-१०-१० च्या तीन खोल्या बसत नाहीत. बाहेरच्या दोन नऊ इंची आणि आतल्या दोन सहा इंची भिंती गेल्या की साडेसत्तावीस फूट उरतात, वर प्लास्टर खातं ते वेगळं. १० बाय १२ ची बेडरूम पुरते की नाही हे पलंग कुठल्या भिंतीला लागतो त्यावर आहे. डोकं दहा फुटी भिंतीला आलं तर साडेसहा फूट पलंग, समोर दोन फूट कपाट, मध्ये साडेतीन फूट वाट, व्यवस्थित. तेच डोकं बारा फुटी भिंतीला लावलं आणि कपाट समोर ठेवलं तर दीड फूट राहतो आणि कपाटाचं दार पलंगाला लागतं. म्हणून प्लॅनवर आधी पलंग आणि कपाट काढा, मग दार, मग खिडकी. इलेक्ट्रिशियनला पॉइंटही त्यावरूनच द्यायचे, नाहीतर बटणं कपाटामागे जातात.

पैशाचं बघा. तुमचा प्लॅन, डबल हाइटची जागा धरून, खाली-वर मिळून २,७०० फूट. मी सांगितलेला खाली १,०५० च्या आसपास आणि वर साडेनऊशे, म्हणजे २,०००. सातशे फूट कमी, तुमच्याच दराने १३ लाखांच्या वर. एवढं करूनही झोपायच्या खोल्या चारच राहिल्या. गेले ते पॅसेज, एक संडास आणि पूर्वेचं परसदार खाऊन बसलेला भाग. तुमचा एकटा चार फुटी पॅसेज चोवीस फूट लांब आहे. दिवसा दिवा लावावा लागणाऱ्या त्या बोळाला पावणेदोन लाखांच्या वर पडतात. वाचलेल्यातले दोन-अडीच लाख चांगल्या खिडक्यांना, वॉटरप्रूफिंगला आणि तांब्याच्या चांगल्या वायरिंगला घाला.

वास्तूचं विचारलंत. आई मानतात, तेव्हा तीन गोष्टींना हात लावू नका: स्वयंपाकघर आग्नेयेला, देव पूर्वेला, ईशान्य कोपऱ्यात संडास नाही. वरच्या मांडणीत हे तिन्ही सांभाळलंय. देव्हारा जेवणाच्या जागेत पूर्व भिंतीला येतो, वडिलांच्या खोलीच्या दारापाशी, आणि त्याच्या वर पॅसेज आहे, संडास नाही. नैऋत्येला मास्टर बेडरूमच हवी असं कुणी सांगेल. त्यांना म्हणावं, नैऋत्य जड असावी म्हणतात ना, तिथे जिना आणि त्याच्या डोक्यावर पाण्याची टाकी ठेवली आहे. जिना दक्षिण-पश्चिमेला आणि वरची टाकी नैऋत्येला, हे बहुतेक वास्तुवाल्यांना चालतं. बांधकामालाही ते सोयीचं, कारण दोन हजार लिटरची टाकी भरली की दोन टन, आणि ते वजन जिन्याच्या चार कॉलमवर सरळ उतरतं. सोलर पॅनेल मात्र गच्चीच्या पूर्व-दक्षिण भागात. जिन्याच्या खोलीची सावली दुपारनंतर पूर्वेकडे सरकते, तिच्यापासून लांब. ३ किलोवॉटला साधारण ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्याला ७८,००० रुपये अनुदान आहे.

आता पुढचं काम. हा कच्चा प्लॅन घेऊन परवानाधारक आर्किटेक्टकडे किंवा इंजिनिअरकडे जा. समास अंतरं, म्हणजे घराच्या चारी बाजूंना सोडायची जागा, २०२० च्या एकात्मिक विकास नियमावलीप्रमाणे प्लॉटचं क्षेत्र आणि रस्त्याची रुंदी यावर ठरतात, ती त्यांच्याकडून लेखी घ्या. छपरीचा कॉलम गाडीच्या दाराच्या आड येतो का ते तिथेच विचारा. दोन्ही मजल्यांचे प्लॅन ट्रेसिंग पेपरवर काढून एकावर एक ठेवायला लावा. वरची भिंत खालच्या भिंतीवर किंवा बीमवर आली पाहिजे, नाहीतर हॉलच्या छताला मधूनच बीम उतरलेला दिसेल. त्यानंतर, खोदाई सुरू व्हायच्या आधी, प्लॉटवर फक्की मारून सगळ्या खोल्या आखा. जिन्याचा ७ बाय १४ चा चौकोनही. आई-वडिलांना तिथे घेऊन जा, खुर्च्या न्या आणि वडिलांना त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत चालून बघू द्या. मोकळ्या रानात प्रत्येक खोली लहान दिसते, त्यामुळे सगळे म्हणतील दोन फूट वाढवा. माप वाढवायचं ते टेप लावून, पलंग-कपाटाच्या हिशेबाने. नजरेच्या अंदाजाने नाही. आणि लाइनआउट झाल्यावर प्लॅनमध्ये बदल करायचा असेल तर तो कागदावर करून, सही घेऊन मगच मिस्त्रीला सांगा. तोंडी सांगितलेल्या बदलाचं बिल नेहमी कंत्राटदाराच्या आठवणीप्रमाणे येतं.